सबऑप्टिमल एफर्ट

फुप्फुसांच्या टेस्टच्या रिपोर्टच्या सगळ्यात खाली, आकड्यांचे तक्ते आणि दोन ग्राफ संपल्यावर, बारीक अक्षरात दोनच शब्द होते. सबऑप्टिमल एफर्ट. म्हणजे बाईंनी नीट जोर लावला नाही. बाकी सगळं नॉर्मलच्या आसपास होतं, डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही, तापानंतरचा खोकला आहे, रेंगाळतो असा कधीकधी, सहा आठवड्यांनी परत टेस्ट करू, आणि त्यांनी त्या दोन शब्दांकडे बघितलंसुद्धा नाही. मी मात्र घरी येईपर्यंत तेच चघळत होते. अहो, नाकाला चिमटा लावून, तोंडात ती पुठ्ठ्याची नळी धरून, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत फुंकलं मी. चारदा. एकदा तर खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला. आणि वर हे! शाळेत प्रगतिपुस्तकावर 'अधिक प्रयत्नांची गरज' असा शेरा यायचा तेव्हा निदान तो खरा तरी असायचा.

टेस्ट घेणारी मुलगी पंचविशीची असेल, अंगाने एवढीशी, पण आवाज असा की दाराबाहेर बसलेले लोक दचकत असणार. "मॅडम, पूर्ण श्वास भरा, भरा भरा भरा, हां आता फुंका! जोरात! अजून अजून अजून अजून, सोडू नका, आहे अजून आत, आहे आहे आहे, मला दिसतंय इथे..." तिच्या स्क्रीनवर एक रेघ वर चढत असायची आणि तिची नजर त्या रेघेवर. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या लाल झालेल्या कानांकडे नाही, फक्त रेघेवर. मला वाटायचं झालं, संपलं, आत आता काही म्हणजे काही उरलेलं नाही, बरगड्या आतून एकमेकींना टेकल्या असतील, आणि हिचं आपलं अजून अजून चालूच. तिसऱ्या खेपेनंतर मी धापा टाकत म्हटलं, अगं किती काढायचं बाहेर, पूर्ण रिकामी झाले ना मी. तर ती चिमटा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रिकामं कुणीच होत नसतं मॅडम. लिटरभर राहतंच आत. ते या मशीनला मोजता पण येत नाही."

लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबत नाही असं सांगावं तितक्या सहज.

आता मला ही सवय आहे, कुणी काही सहज बोलून गेलं की मी रात्री ते उकरत बसते. तर साधा, बसल्याबसल्या आपोआप घेतलेला श्वास म्हणजे साधारण अर्धा लिटर हवा. ५०० मिली. त्यातली दीडशे मिली नाक, घसा, श्वासनळी आणि तिच्या फांद्यांतच राहते, तिथे हवेची आणि रक्ताची गाठच पडत नाही, ती तशीच परत येते, दाराशी येऊन बेल न वाजवता परत गेलेल्या पाहुण्यासारखी. उरली साडेतीनशे. आणि ही साडेतीनशे जाऊन मिसळते कशात, तर आधीपासून आत मुक्काम ठोकून असलेल्या सव्वादोन-अडीच लिटर हवेत! म्हणजे प्रत्येक श्वासाला आतली हवा जेमतेम सातवा हिस्सा बदलते. मी इतकी वर्षं समजत होते की सोडला की जुनी गेली, घेतला की नवी आली, बादली उपडी करून परत भरावी तसं काहीतरी. प्रत्यक्षात आपण मोठ्या पिंपात एकेक फुलपात्र ओतत असतो आणि एकेक काढत असतो, दिवसाला वीस हजार वेळा. आणि ते बरंच आहे म्हणा, पिंप भरलेलं असतं म्हणून दोन श्वासांच्या मधल्या काळात रक्तातला ऑक्सिजन खालीवर हिंदकळत नाही. शिवाय फुप्फुसातले ते कोट्यवधी बारीक फुगे पूर्ण मिटले तर परत उघडणं महाकर्मकठीण. फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते आठवा. फुगे मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा लेप असतो, आणि फार लवकर जन्मलेली कितीतरी बाळं दगावायची ती त्या लेपाच्या कमतरतेने, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९ साली दाखवलं. अशा बाळाला दर वेळी फुग्याची पहिली फुंकरच मारावी लागते. दर वेळी.

हे वाचताना मी एक मोठा उसासा टाकला आणि पुढच्याच परिच्छेदात उसाशांबद्दल होतं, हसूच आलं. आपण दर पाचेक मिनिटांनी नकळत एक दुप्पट मोठा श्वास घेतो म्हणे, दुःख वगैरे काही नसताना, झोपेतसुद्धा. मिटत आलेले फुगे परत उघडायला. म्हणजे घरातलं कुणी सुस्कारा टाकलं की 'काय झालं' विचारायची जी आपली पद्धत आहे तिच्यात बरेचदा काहीच झालेलं नसतं.

पण मला खरं थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. श्वास घेणं हे काम आहे, सोडणं हे कामच नाही. बरगड्यांच्या खाली घुमटासारखा जो स्नायू असतो, श्वासपटल, तो आकसतो आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली सरकतो, बरगड्या थोड्या वर-बाहेर होतात, छातीतली जागा वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि हवा आत येते. किंचित म्हणजे किती, तर एक सेंटीमीटर उंच पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढाच. स्ट्रॉने पाणी ओढताना आपण याच्या कितीतरी पट ओढ लावतो. एवढ्याशा फरकावर सगळा संसार. आणि मग सोडताना? काही नाही. स्नायू फक्त सैल पडतो. ताणलेलं फुप्फुस इलॅस्टिकसारखं आपसूक मागे येतं आणि हवा बाहेर. शेवटी एका जागी फुप्फुसाची आत आकसायची ओढ आणि बरगड्यांच्या पिंजऱ्याची बाहेर फाकायची ओढ अगदी सारखी होते, दोघं दोरी धरून उभे राहतात आणि कुणीच हलत नाही. दोन श्वासांच्या मधला तो बारीकसा थांबा असतो ना, तो हा. ते सव्वादोन-अडीच लिटरचं पिंप याच जागी मोजतात. शरीराला इथे काडीचेही कष्ट नसतात.

बाबांचं मात्र सोडणं हेच काम झालं होतं.

तेव्हा मला हे कळत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की बाबा पलंगाच्या कडेला बसलेत, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवलेत, खांदे कानांपर्यंत वर, आणि ओठांचा चंबू करून शीळ घालावी तशी हवा सोडतायत, हळू, लांब, शीळ मात्र वाजत नाही. तीस वर्षांची सिगरेट. मनगटं, मान, गाल सगळं उतरत चाललं होतं पण शर्ट छातीवर तंग व्हायला लागले होते, दुसरं बटण लावलं की काजं ताणून डोळ्यासारखी दिसायची. आई म्हणायची, अंग आटतंय आणि छाती वाढतेय, हे काय नवीनच. आणि मी, घरातली शहाणी, त्यांच्यासमोर बसून, "बाबा, मोठा श्वास घ्या ना. खोल. असा, पोटातून." त्यांना करून दाखवायचे मी! ते एक हात गुडघ्यावरून उचलायचे, पंजा माझ्याकडे करायचे, थांब. मला वाटायचं चिडले. बोलता येण्याइतकी हवा जमली की म्हणायचे, "कोंडल्यासारखं होतंय गं." आणि मी परत, "म्हणूनच सांगते, मोठा घ्या."

एक नर्स यायच्या, त्या बाबांचं मनगट धरून नाडी बघायच्या आणि नाडी मोजून झाल्यावरही हात तसाच धरून ठेवायच्या. मला वाटायचं किती मायेने धरतात. एकदा विचारलं तर बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, श्वास मोजते हो, सांगून मोजले की पेशंटचा श्वास बदलतो. नाडी मोजल्याचं सोंग करायचं आणि नजर छातीवर ठेवायची, हे त्यांना शिकवतातच. किती खरं आहे ते. तुम्ही आत्ता हे वाचताना तुमच्या श्वासाकडे लक्ष गेलं असेल आणि तो जरा अवघडला असेल, तर दोष माझा. आपोआप चालतो आणि हातातही घेता येतो असा हा शरीरातला विचित्र कारभार आहे, हृदयाला नाही सांगता येत थांब म्हणून. श्वासाला येतं, पण तेही थोडाच वेळ. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूच्या तळाचा तो जुना कारकून फाइल आपल्या हातातून हिसकावून घेतो. गंमत म्हणजे श्वास रोखल्यावर जो जीव कासावीस होतो तो या साचलेल्या वायूमुळे, ऑक्सिजन तोवर पुरेसा असतो.

मोजायचं खूळ मात्र जुनं आहे. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली स्पायरोमीटरवर, म्हणजे फुंकर मोजायच्या यंत्रावर, मोठा निबंध छापला. पाण्यात उपडं घातलेलं धातूचं भांडं, वर कप्पीवरून सोडलेलं वजन, तुम्ही नळीत फुंकलं की भांडं वर उचललं जाणार, किती उचललं ते पट्टीवर वाचायचं. बस एवढंच. या माणसाने दोन हजारांवर लोकांना फुंकायला लावलं, खलाशी, पोलीस, आगीचे बंबवाले, पैलवान, भिकारी, उमराव. आणि त्याला एक साधी गोष्ट सापडली, माणूस उंचीला एक इंच जास्त तर त्याचा श्वास आठ घनइंच जास्त, म्हणजे १३० मिलीच्या आसपास. वजनाचं तसं नाही, उंचीचंच. भरभरून घेऊन पूर्ण सोडलेल्या श्वासाला त्याने नाव दिलं व्हायटल कपॅसिटी, जगण्याची कुवत, कारण त्याला वाटत होतं की यावरून माणूस किती जगेल ते सांगता येईल आणि विमा कंपन्या त्याचं मशीन वापरतील. तो स्वतः पुढे सगळं सोडून ऑस्ट्रेलियाला गेला, तिथून फिजीला, आणि १८६१ मध्ये तिथेच वारला. का गेला, जाऊ दे, माणसं जातात.

माझ्या रिपोर्टात जो 'प्रेडिक्टेड' नावाचा कॉलम आहे त्याचं मूळ इथलं. माझ्या वयाची, माझ्या उंचीची एक काल्पनिक बाई तिथे बसलीये आणि मी तिच्या ९१ टक्के आहे. माझी अख्खी फुंकर घरात कधी न आलेल्या बाईशी ताडून बघितलेली. या कॉलमने पापंही केलीत. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने, जो स्वतः गुलाम बाळगून होता, काळ्या माणसांची फुप्फुसं वीसेक टक्के कमी भरतात असं लिहिलं आणि त्यावरून गुलामगिरी त्यांना कशी मानवते इथपर्यंत गेला. आणि मग मशीनमध्ये माणसाचा वंश भरायचा आणि त्याप्रमाणे नॉर्मलचा आकडा खाली करायचा हा प्रकार या ना त्या रूपात टिकून राहिला. म्हणजे आजारी माणूस कागदावर ठणठणीत. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुप्फुसांच्या डॉक्टरांच्या संस्थेने वंशाचा हा रकाना काढून टाका असं म्हटलं ते २०२३ मध्ये. पावणेदोनशे वर्षांनी. पाण्यातलं भांडं बिचारं साधं होतं, ते वर जायचं तेवढंच जायचं.

पण हचिन्सनच्या भांड्यालाही ते लिटरभर मोजता यायचं नाहीच. जे बाहेर येतच नाही ते मोजणार कसं? हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ते १८०० साली करून ठेवलं होतं, एकविसाव्या वर्षी, स्वतःवरच. त्याने चक्क हायड्रोजन ओढला. कल्पना अशी की पिंपात पाणी किती आहे ते बघता येत नसेल तर त्यात मोजून चमचाभर रंग टाका, ढवळा, आणि रंग किती फिका झाला ते बघा, त्यावरून पाणी किती ते काढा. आता हायड्रोजनऐवजी हेलियम वापरतात, पेट घेत नाही म्हणून. यात एक खोट आहे. फुप्फुसाचे काही कोपरे असे बंद पडलेले असतील की रंग तिथे पोचतच नाही, तर ते कोपरे हिशोबातच येत नाहीत. त्यासाठी मग १९५६ साली आर्थर डुबॉइसने नीट जमवून आणलेली ती काचेची पेटी. माणसाला हवाबंद काचेच्या खोक्यात बसवायचं, तोंडातली नळी दोन-तीन सेकंद झडपेने बंद करायची आणि बंद नळीवर त्याला धापा टाकायला लावायचं. छाती जराशी फाकली की आतली हवा विरळ होते, पेटीतली तेवढीच दाबली जाते, आणि दाब गुणिले आकारमान कायम या शाळेतल्या बॉइलच्या नियमाने आत एकूण किती हवा आहे ते निघतं. कोंडलेली धरून.

कोंडलेली. इथे मी लॅपटॉप मिटला होता.

कारण बाबांची छाती भरलेलीच होती. त्यांना घ्यायला जागाच नव्हती. सिगरेटने फुग्यांमधल्या भिंती खाल्ल्या होत्या, आणि त्या भिंतीच बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवत असतात, तंबूला दोऱ्या असतात तशा. दोऱ्या तुटल्या की सोडताना नळ्या मिटतात आणि हवा मागे अडकते, पुढचा श्वास त्याच्यावर, त्याच्या पुढचा त्याच्यावर. म्हणून ते फुगत गेलेले शर्ट. घुमटासारखं श्वासपटल खाली दाबलं जाऊन सपाट होतं, आणि सपाट स्नायू ओढणार काय. ओठांचा चंबू कुणी शिकवला नव्हता त्यांना, पण तो बरोब्बर होता, ओठांशी हवा अडवली की तिचा दाब मागे नळ्यांपर्यंत पोचतो आणि त्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात. बाबा एकेक घोट हवा बाहेर काढत होते, पुढच्या घोटाला जागा करायला, आणि मी समोर बसून सांगत होते मोठा घ्या.

सहा आठवड्यांनी परत टेस्टला गेले तेव्हा तीच मुलगी होती. मी रिपोर्ट पुढे केला, म्हटलं हे काय लिहिलंस गं. तिने बघितलं, हसली. "मॅडम, तुम्ही सुरुवात मस्त केलीत. शेवट सोडून दिलात. हे बघा." ग्राफवर रेघ उतरत उतरत येऊन मध्येच कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली गेली होती. तिसऱ्या सेकंदाला मी नळी सोडली होती म्हणे, शेपूटच नव्हतं. मला शपथेवर सांगता आलं असतं की मी अनंतकाळ फुंकत होते. मग तिने आणखी एक दाखवलं. ग्राफच्या सुरुवातीचा तो सुळका असतो ना, तो तेवढा जोरावर असतो. त्यानंतर तुम्ही जीव तोडून दाबा की बेताने दाबा, हवा एका ठरलेल्या वेगाच्या वर जातच नाही, कारण तुम्ही छाती दाबता तेव्हा त्याच दाबाने हवेच्या वाटाही दाबल्या जातात, पायाखाली पाइप आला की पाणी अडतं तशा. "पहिला धक्का तुमचा. नंतरचं तुमच्या हातात नाही, फक्त सोडायचं नाही." चांगलं फुप्फुस पहिल्याच सेकंदात पाऊण हिस्सा हवा बाहेर टाकतं. फ्रान्सच्या टिफनोने १९४७ साली हा पहिला सेकंद वेगळा काढून मोजायचं सुचवलं, आणि दम्याचं, सीओपीडीचं म्हणजे हवेच्या वाटा कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराचं निदान आजही त्याच सेकंदावर उभं आहे. मी या वेळी मन लावून फुंकलं. ती ओरडत राहिली, मी धरून राहिले, शेरा सुधारला.

घरी येऊन बाबांची फाइल काढली. एवढी वर्षं कपाटात आहे, मी ती उघडली ती फक्त बिलं आणि तारखा बघायला. त्यात त्यांचा पीएफटी, म्हणजे याच टेस्टचा रिपोर्ट, सापडला, कागद पिवळा पडलाय, ग्राफची शाई उडायला आलीये पण दिसतंय. सुळका लगेच कोसळलाय आणि मग रेघ आत वाटीसारखी खोल गेलीये, खाली जमिनीलगत सरपटत बाहेर निघालीये. पहिल्या सेकंदाचे तीन प्रयत्न, ०.९४, ०.९६, ०.९५ लिटर. प्रेडिक्टेडच्या ३४ टक्के. तीन आकडे इतके सारखे यायला माणसाने तिन्ही वेळा सारखाच जीव लावलेला असावा लागतो, हे आता मला माहीत आहे. खाली शेरा, गुड एफर्ट, रिप्रोड्यूसिबल. त्याच्या वरच्या ओळीत एक्सपिरेटरी टाइम, म्हणजे किती वेळ फुंकत राहिले ते, १४.२ सेकंद.

मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, छाती भरून घेतली आणि फुंकायला लागले. सहाव्या सेकंदाला माझ्याकडे फुंकायला काही उरलं नव्हतं. घड्याळ पुढे चालू होतं, मी ओठ तसेच धरून बघत राहिले, सात, आठ, नऊ.